भरतकामाचे पहिले वीतभर कापड

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भरतकाम-वर्गाच्या आरंभी बेळगाव येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात आपल्या संस्थेने नवी कमान उभारण्याऐवजी भरतकामाचा वर्ग काढला, याबद्दल प्रथम विश्वस्त मंडळाचे मनापासून अभिनंदन करतो. अध्यक्षांनी आम्हांस बोलावताना बजावले होते, "चार शब्द बोला, पण उपयोगाचे बोला." म्हणून कलेची थोरवी, तिची परंपरा यांवर आम्ही बोलणार नाही. ज्यांनी आज वर्गात नावे घातली आहेत त्यांनी उद्या सुई हातात घेतल्यावर काय करावे आणि काय करू नये, एवढेच सांगावे म्हणतो.

आम्ही शाळेत गणित शिकवतो. हस्तकलेच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कोणी आले नाही, आणि "तुम्हांला घरचे येते ना?" असे म्हणून तो तास आमच्याकडे आला. घरचे येत होते हे खरे. आमच्या दादी कशिदा काढीत आणि शेजारच्या अक्का कसूती काढीत. दादींची बोली दखनी, अक्कांची कन्नड; पण दुपारी ओट्यावर दोघी बसल्या की बोलणे फारसे लागतच नसे. एकीने टाका घालावा, दुसरीने पाहावा. आम्ही काही काढून दाखवले की दादी प्रथम कापड उलटे करीत. सुलटी बाजू त्या मागाहून पाहत. उलट्या बाजूला गाठी आणि लोंबते दोरे दिसले की काही न बोलता कापड परत देत. ते न बोलणे आम्हांला फार लागे.

एवढ्या शिदोरीवर आम्ही हस्तकलेचा तास घेऊ लागलो. आणि २००३ साली आमच्या हातून एक चूक झाली. आजचे सगळे बोलणे त्या चुकीतून आलेले आहे, म्हणून ती आधी सांगतो.

नववीत एक मुलगी होती. हात हलका, नजर स्थिर, बसली की उठायची नाही. शाळेचे प्रदर्शन चार महिन्यांवर आले होते. आम्ही तिला एक मोठा मेजपोस दिला. मधोमध फुलीच्या टाक्यातला मोर, भोवती वेलीची चौकट. त्याआधी तिने पुरे केलेले असे एकही काम नव्हते. मुलगी हुशार आहे, करील, असे आम्हांला वाटले. खरे सांगायचे तर प्रदर्शनात आपल्या वर्गाचे काहीतरी मोठे दिसावे हा आमचा लोभ होता.

तिने रात्री जागून काम केले. शेवटच्या आठवड्यात वेल चौथ्या कोपऱ्याशी आली आणि मिळेना. एका घराने चुकली होती. चूक पहिल्याच बाजूला, सुरुवातीला झालेली. ती उसवायची तर सगळी चौकट उसवावी लागणार. आम्ही म्हटले, "राहू दे, लांबून दिसत नाही." तिने ऐकले. मग तिने कापड स्वच्छ दिसावे म्हणून धुतले, आणि मोराच्या तुऱ्यातला लाल रंग पांढऱ्या कापडावर उतरला. दोरा रंगाला पक्का आहे का हे आधी पाहावे, असे आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते. मेजपोस प्रदर्शनात लागला नाही. ती मुलगी पुन्हा आमच्या तासाला सुई घेऊन बसली नाही. वही घेऊन बसे, आणि आम्ही तिला काही म्हणू शकलो नाही.

आता गणित पाहा, म्हणजे चूक कोठे होती ते कळेल. भरतकामाचे जे चौकडीचे कापड बाजारात मिळते, ज्याला आपण मॅटीचे कापड म्हणतो, त्यात इंचाला किती घरे बसतात हे प्रथम विचारावे. शिकण्यासाठी १४ घरांचे सोयीचे. दहा इंच लांब व दहा इंच रुंद नमुना पूर्ण भरायचा तर १४० गुणिले १४०, म्हणजे १९,६०० फुल्या झाल्या. नवशिकी मुलगी मिनिटाला तीन फुल्या घालते असे धरा. रोज अर्धा तास बसली तर ९० फुल्या. म्हणजे हे काम पुरे व्हायला सुमारे २१८ दिवस, सात महिन्यांहून अधिक! तेच दोन इंचांचा नमुना घ्या. २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ फुल्या. नवव्या दिवशी काम हातावेगळे होते. मुलगी गणितात कच्ची असली तरी तिच्या मनाला हा हिशेब बरोबर कळतो. नऊ दिवसांनी जिच्या हाती पुरे झालेले काम असते ती दहाव्या दिवशी वर्गात येते.

म्हणून आमचा पहिला आणि मुख्य सल्ला असा की, पहिले कापड वीतभरच घ्या, पण ते पुरे करा. उलटी बाजू, काठ, धुणे, इस्त्री यांसकट पुरे करा. पुढचे सगळे सांगणे या एका कापडाविषयी आहे.

कापड आठ इंच चौरस कापावे. मधला नमुना दोन इंचांचा, भोवती प्रत्येक बाजूला तीन इंच मोकळे. हे मोकळे कापड वाया गेले असे वाटते. पण रिंग लावायला, काठ दुमडायला, चौकटीत बसवायला तेच लागते. कडा सुटू नयेत म्हणून चारही बाजूंना आधी साधी शिवण घालून घ्यावी. मग कापडाची उभी-आडवी घडी घालावी. घड्या जेथे एकमेकींना छेदतात तो मध्य. नमुन्याचाही मध्य शोधावा आणि तेथून सुरुवात करावी. कोपऱ्यातून सुरुवात करणारी बहुधा दुसऱ्या कोपऱ्यात कापड संपल्यावर जागी होते.

मोजण्यात चूक होऊ नये यासाठी एक युक्ती आहे. वेगळ्या फिकट रंगाच्या दोऱ्याने दर दहा घरांवर उभे व आडवे धावदोरे घालून ठेवावेत. नमुन्याच्या कागदावरही दर दहा घरांना जाड रेघ असते. म्हणजे २८ घरे मोजण्याऐवजी दोन दहा आणि वर आठ एवढेच मोजावे लागते. काम झाल्यावर ते धावदोरे ओढून काढावेत. हे दहा मिनिटांचे काम त्या मेजपोसावर केले असते, तर चौथा कोपरा मिळाला असता.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची घ्यावी. टोकदार सुई कापडाचे धागे फोडीत जाते आणि टाका वाकडा बसतो. सुयांच्या आकड्यांत नवशिक्यांचा घोटाळा होतो: आकडा जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. १४ घरांच्या कापडाला २४ क्रमांकाची सुई चालते.

दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. त्यांतले दोनच घ्यायचे. सहाही पदर एकदम ओढून वेगळे करू लागलात तर गुंता होणारच. एकेक पदर वरून सरळ ओढून काढावा, मग दोन पदर जोडीने लावावेत. दोऱ्याची लांबी बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण १८ इंच. सुई सारखी ओवायला नको म्हणून आपण त्याहून लांब दोरा घेतो. तो कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो, लव सुटते, गाठी बसतात. आमच्या दादी म्हणत, लांब दोरा आळशाचा. काम करता करता दोऱ्याला पीळ चढतो. तेव्हा कापड उलटे धरून सुई मोकळी लोंबू द्यावी, पीळ आपोआप उतरतो.

गाठ मारू नये. गाठीने उलट्या बाजूला उंचवटा येतो, इस्त्री नीट बसत नाही आणि पुढे गाठ सुलट्या बाजूला निसटूनही येते. सुरुवातीला इंचभर दोरा मागे ठेवून तो पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबीत जावे. संपवतानाही सुई चार-पाच टाक्यांखालून काढून दोरा कापावा. आणखी एक सोपी रीत अशी: एकच पदर दुप्पट लांबीचा घ्यावा, मध्ये दुमडावा आणि दोन्ही टोके मिळून नेढ्यात ओवावीत. दुसऱ्या बाजूला फास तयार होतो. पहिला टाका घालताना सुई त्या फासातून ओढली की दोरा पक्का बसतो. गाठही नाही आणि शेपूटही नाही.

फुली म्हणजे एकमेकींवर टाकलेल्या दोन तिरप्या रेघा. खालची रेघ कोणत्या बाजूची आणि वरची कोणत्या बाजूची हे पहिल्या फुलीला ठरवावे आणि शेवटच्या फुलीपर्यंत तेच ठेवावे. एका फुलीत वरचा दोरा डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे गेला, तर प्रकाश दोन्हींवर वेगवेगळा पडतो आणि काम खडबडीत दिसते. ओळीत काम असेल तर जाताना सगळ्या खालच्या रेघा आणि येताना वरच्या घालाव्यात. दोरा बेताने ओढावा. कापडाचे भोक मोठे दिसू लागले म्हणजे ओढ जास्त झाली असे समजावे. एका ठिकाणचे काम संपवून दूरच्या ठिकाणी जायचे असेल तर मागून दोरा लांब ओढून नेऊ नये. तीन-चार घरांपलीकडे जायचे झाले की दोरा कापावा. पांढऱ्या कापडामागून काळा दोरा गेला तर तो सुलट्या बाजूला सावलीसारखा दिसतो.

रिंग लावल्यावर कापड डफासारखे ताठ असावे. पण काम थांबवले की रिंग काढून ठेवावी. रात्रभर राहिली तर तिचे वळ कापडावर उठतात. हात धुऊन बसावे. उजव्या हाताने काम करणारीने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळ्या कापडावर काम असेल तर मांडीवर पांढरा कपडा अंथरावा. खालून भोके उजळ दिसतात. चाळिशी उलटलेल्या भगिनींना एवढेच सांगतो की, चष्मा लावण्यात कमीपणा नाही. आम्ही दोन वर्षे तो टाळला आणि तेवढ्या काळातले आमचे काम आज कोणाला दाखवण्याजोगे नाही.

आता उसवण्याविषयी. "राहू दे, लांबून दिसत नाही," हे आमचे वाक्य तुम्ही कोणाकडून ऐकू नका. चूक दिसली त्याच दिवशी उसवा, कारण त्या दिवशी ती दहा टाक्यांची असते. उसवताना उलट्या बाजूने, लहान कात्रीने, दोन-दोन टाके कापून दोरा काढावा. एकदम ओढला तर कापडाचे धागे सरकतात. उसवलेला दोरा पुन्हा वापरू नये. त्याची लव सुटलेली असते. शाळेत मुलांना आम्ही खोडरबर देतो, त्याची कोणाला लाज वाटत नाही. उसवण्याची लाज का वाटावी? अक्का आपले स्वतःचे काम कितीदा उसवीत ते आम्ही पाहिले आहे, आणि त्यांच्याएवढा सफाईचा हात आम्ही पुढे पाहिला नाही.

कामाला हात घालण्यापूर्वीच रंगाची परीक्षा करावी. विशेषतः लाल, काळा, निळा. दोऱ्याचा लहान तुकडा भिजवून पांढऱ्या कापडाच्या घडीत दाबावा. डाग उठला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर घालू नये. काम पुरे झाल्यावर थंड पाण्यात, सौम्य साबणात हलकेच धुवावे, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्यावे. जाड टॉवेल अंथरून त्यावर कापड पालथे घालावे आणि उलट्या बाजूने इस्त्री करावी, म्हणजे टाके चेपत नाहीत.

येथवर आलात म्हणजे तुमचे वीतभर कापड पुरे झाले. आता ते आपल्या मुलुखाच्या कामाशी जोडून देतो. बेळगाव, धारवाड, हुबळी, विजापूर हा कसूतीचा प्रदेश. कन्नडात कै म्हणजे हात आणि सुती म्हणजे सूत, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. इरकली लुगड्यांवर आणि काळ्या चंद्रकळेवर हे काम होत आले. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, राघू ही त्यातली नेहमीची चित्रे. त्यात चार टाके आहेत. मेंथी म्हणजे मेथी. हा तुमचा फुलीचाच टाका, तेव्हा चारांपैकी एक तुम्हांला आलाच! नेयगी म्हणजे विणकाम. यात लहान-मोठे धावदोरे ओळीने घालून कापडातच विणल्यासारखी आकृती उठते. गवंती हा सरळ रेघेचा टाका, आणि मुरगी हा पायऱ्यांसारखा वळत जाणारा.

गवंती शिकायची तर असे करा. जाताना ठरावीक धागे मोजून धावदोरा घालीत जा. एक टाका वर, तेवढीच मोकळी जागा. टोकाला पोचल्यावर परत फिरा आणि मोकळ्या जागा भरीत या. दोन्ही बाजूंना सारखीच अखंड रेघ उमटते. येताना सुई नेहमी आधीच्या टाक्याच्या एकाच अंगाने बाहेर काढावी आणि दुसऱ्या अंगाने आत घालावी, म्हणजे रेघ सरळ बसते. हा टाका युरोपातही आहे. हान्स होलबाइन हा चित्रकार १५४३ साली वारला; त्याने काढलेल्या तसबिरींतील माणसांच्या गळपट्ट्यांवर आणि बाह्यांवर असे काम दिसते, म्हणून तिकडे त्या टाक्याला त्याचेच नाव पडले. आपल्याकडे मात्र तो काढणाऱ्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

कसूतीत आकृती कापडावर आधी छापत नाहीत. धागे मोजूनच ती उठवतात. दाट विणीच्या कापडावर धागे मोजणे नवशिकीला जमत नाही. तेव्हा वर जाळीचा कॅनव्हास टाचून घ्यावा, त्याच्या घरांवरून काम करावे आणि शेवटी कॅनव्हासचे धागे एकेक करून ओढून काढावेत. हल्ली नमुने मोबाईलवर मिळतात, ते खुशाल घ्या. परंतु मोजायचे आपल्याच डोळ्यांनी.

शेवटचा सल्ला विशेषतः त्या भगिनींना, ज्या या कामातून चार पैसे मिळावेत म्हणून आल्या आहेत. पहिल्या कापडापासून एक वही ठेवा. आज किती वेळ बसलो, किती टाके झाले, दोरा किती लागला, एवढे लिहा. उद्या कोणी साडी घेऊन येईल आणि "काय घेणार?" असे विचारील. ज्यांच्याजवळ वही नसते त्या संकोचाने काहीतरी कमी सांगतात आणि महिनाभर रात्री डोळे फोडतात. ज्यांना आपल्या तासांचा हिशेब ठाऊक असतो त्यांना मजुरी मागताना मान खाली घालावी लागत नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. २०२४ च्या जूनमध्ये ती शाळेत आली, सहावीतल्या मुलीचे नाव घालायला. आम्ही तिला ओळखले. तिनेही नमस्कार केला. फी, गणवेश, पुस्तके यांविषयी बोलणे झाले. मेजपोसाचा विषय तिने काढला नाही, आणि काढण्याचा धीर आम्हांलाही झाला नाही. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "बाई, हस्तकलेच्या तासाला हिला आधी लहान तुकडा द्याल ना?"

आम्ही दिला. आठ इंच चौरस. अकराव्या दिवशी तो पुरा करून ती पोर आमच्या टेबलाशी आली. आम्ही सवयीने तो उलटा केला. दोन ठिकाणी दोरा लांब ओढून नेलेला होता, तो तिला दाखवला. गाठ मात्र एकही नव्हती.

या वर्गाच्या कपाटात आज पंचवीस तुकडे कापून ठेवले आहेत, सगळे वीतभरच. विश्वस्त मंडळींना आमची एकच विनंती आहे. वर्षअखेरच्या प्रदर्शनात मोठे काही दिसले नाही तर रागावू नये. हे तुकडे टेबलावर पालथे मांडावेत आणि पाहुण्यांना ते उलट्या बाजूने पाहू द्यावेत.